कुलूप नसलेला तुरुंग

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात १९३९ साली कैद्यांची वसाहत उभी राहिली. जमीन औंध संस्थानाची, कल्पना मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रिडमन यांची. खुनासाठी शिक्षा झालेली माणसे इथे उंच भिंतींवाचून, बायकामुलांसह राहून शेती करू लागली. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागे हाच प्रयोग आहे. चित्रपट पाहून जेलरचा दयाळूपणा मनात राहतो, पण माझ्या मते स्वतंत्रपुराचे बळ दयेत नाही, रोजच्या निर्णयांत आहे. पेरणी कधी करायची, विहिरीला पाणी किती उरले, पोराच्या वह्यांना पैसे कुठून आणायचे, हे तिथे कैद्यालाच ठरवावे लागते. बंदिस्त तुरुंगात उठण्या-जेवण्यापासून सगळे गिनती आणि भोंगा ठरवतो. दहा-बारा वर्षे स्वतःच्या हाताने दाराची कडीही न काढलेल्या माणसाने सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून संसार सांभाळावा, ही आपली अपेक्षा असते. तो पुन्हा गुन्ह्याकडे वळला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. जबाबदारीची सवय मोडणाऱ्या व्यवस्थेला कोणी जाब विचारत नाही.

अशा खुल्या तुरुंगात निवडक, चांगल्या वर्तनाचेच कैदी जातात, मग यश मिळणारच, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे, आणि म्हणूनच स्वतंत्रपुराचे उदाहरण सरसकट सगळ्यांना लावता येणार नाही. पण विश्वास टाकण्याजोगी माणसे तुरुंगात आहेत हे त्या निवडीनेच मान्य केले, तर त्यांना वर्षानुवर्षे बराकीत का ठेवायचे? खुनात ज्याच्या घरचे माणूस गेले त्याचा प्रश्न याहून अवघड आहे. त्याचे दुःख शिक्षेने भरून येत नाही, पण शिक्षा व्हावी हा त्याचा हक्क आहे, आणि खुल्या तुरुंगातही ती चालूच असते. जबाबदारीची सवय बंदिस्त तुरुंगातही टिकवता येते. २०२२ मध्ये येरवड्यापासून सुरू झालेल्या 'जिव्हाळा' योजनेत राज्य सहकारी बँक कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज देते. ते घरच्यांच्या कामी येते आणि तुरुंगातल्या मजुरीतून फिटते. कर्ता म्हणून घरात कैद्याची जागा राहते ती अशी.

मात्र २०२२ अखेर देशातल्या पावणेसहा लाखांच्या आसपास कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. त्यांच्यातले कित्येक जामीनदार मिळत नाही म्हणून आत असतात. खुला तुरुंग शिक्षा झालेल्यांसाठी. कच्च्या कैद्यांना वकील, घराशी संपर्क आणि सुटल्यावर काम मिळवून देणारा समाजकार्यकर्ता लागतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून हे काम करतो आहे. प्रत्येक तुरुंगात आणि न्यायालयात असा माणूस सरकारने पगारावर नेमायला हवा.