पत्र्याचं घर कुठं धरायचं?

इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याच्या शिवारात कालव्याच्या कडेनं चालत गेलं की ऊस संपतो तिथं पत्र्याची घरं लागतात. लोखंडी अँगलचा सांगाडा, भोवती पत्रा, वरही पत्रा, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड. वैशाखात दुपारी या घरात कुणी बसत नाही. निवडणं-टिपणं बाभळीच्या सावलीत चालतं, बाळाची झोळीही तिथंच बांधलेली असते. जोराचा पाऊस आला की पत्रा असा वाजतो की अभ्यासाला बसलेलं पोर वही मिटून ठेवतं. शेजारी बसलेल्या आईचं बोलणंही त्याला ऐकू येत नाही.

हे घर सरकारी मोजणीत पक्कं की कच्चं?

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत गवत, बांबू, प्लास्टिक आणि माती यांच्या भिंती कच्च्या धरल्या गेल्या. पत्रा मात्र भाजलेली वीट आणि काँक्रीट यांच्या रांगेत बसला. छपराचंही तेच. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली, तेव्हा लाभार्थ्यांची यादी याच गणनेतून काढायचं ठरलं. पहिली चाळणी अशी होती: छप्पर किंवा भिंत पक्की असेल, किंवा खोल्या दोनपेक्षा जास्त असतील, तर ते कुटुंब बाहेर. म्हणजे ज्यानं गळती थांबवण्यासाठी उसनवारी करून कुडावर चार पत्रे टाकले, त्यानं स्वतःच्या हातानं घरकुलाची वाट बंद केली. पुढे २०१८ मध्ये राहून गेलेल्यांसाठी ‘आवास प्लस’ सर्वेक्षण झालं, २०२४ नंतर ते पुन्हा हाती घेतलं गेलं. पण भिंती-छपराच्या सामानावरून घर ओळखायची सवय मुळातच लागलेली होती.

गंमत वाटावी अशी ही गोष्ट नाही, अन्याय वाटावा अशी आहे. कारण याच योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्क्या घराची चांगली व्याख्या आहे. साधारण देखभाल केली तर ऊन, वारा, पाऊस सोसून किमान ३० वर्षं टिकेल ते पक्कं घर. नव्या घरकुलाला स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर क्षेत्र हवं. घर देताना मोजपट्टी ३० वर्षांची आणि नाकारताना पत्र्याची, हे न्यायाचं नाही.

आता याची दुसरी बाजू पाहू. कारखान्यात तयार झालेलं घर म्हणजे तात्पुरतं घर, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्यांची सोय चौक या गावात कंटेनरमध्ये झाली. तयार घर आपण पाहिलं ते संकटाच्या दिवसांत. पण सिडकोनं २०२२ मध्ये नवी मुंबईत बामणडोंगरीला ९६ सदनिकांची इमारत ९६ दिवसांत उभी केली. तिचे भाग आधी साच्यात ओतले, मग जागेवर आणून जोडले. या सदनिका परवडणाऱ्या घरांतच मोजल्या जातात. भिंत कुठं ओतली याला तिथं महत्त्व नाही, ती किती टिकेल याला आहे. शहराला जो न्याय लागू, तो इंदापूर तालुक्याला का नसावा?

अमेरिकेत हा वाद जुना आहे. तिथं कारखान्यात बांधून ट्रकवरून आणलेल्या घरांना १९७६ पासून देशभर एकच दर्जा-नियम आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक शहराला घरांचं उद्दिष्ट ठरवून दिलं जातं आणि राज्य सरकार त्याचा हिशेब मागतं. त्या हिशेबात अशी घरं धरायला हवीत, असं मला वाटतं. पण तिथल्या अनुभवात एक इशाराही आहे. अनेक कुटुंबांचं घर स्वतःचं, खालची जमीन मात्र दुसऱ्याची. जमिनीचं भाडं वाढलं की घर असूनही माणूस बेघर होण्याच्या काठावर येतो.

हे लासुर्ण्याला सांगायला नको. गायरानावर किंवा कालव्याच्या हद्दीत राहणाऱ्याला हीच भीती रोज असते. घरकुलासाठी जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून एक लाखापर्यंत मदत मिळते. पण या बागायती पट्ट्यात, पालखी महामार्गालगत, तेवढ्यात जागा मिळणं अवघड. मग सपाट प्रदेशासाठी ठरलेले घरकुलाचे १ लाख २० हजार रुपये कागदावरच राहतात.

दुसरी अडचण हप्त्यांची. जोता झाला, खिडकीपर्यंत भिंत आली, छत घातलं, अशा टप्प्यांचे फोटो चढवल्यावर पैसे येतात. ही रीत विटेवर वीट चढवणाऱ्या घरासाठी आहे. तयार भिंतींचं घर चार दिवसांत उभं राहतं, पण त्याचे पैसे आधी आणि एकरकमी लागतात. अशा घराला वेगळी हप्तेबंदी हवी.

एक सीमारेषा मात्र ठाम हवी. दिवाळी सरली की बीडकडची ऊसतोड कुटुंबं भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात उतरतील आणि बांबू, पाचट, ताडपत्री यांच्या कोप्या उभ्या राहतील. त्यांच्यासाठी घडी करून नेता येतील अशा चांगल्या, उष्णतारोधक खोल्या जरूर द्याव्यात. पण त्या हंगामी निवारा म्हणूनच मोजाव्यात. त्या घरकुलाच्या आकड्यात घातल्या, तर उद्दिष्ट पूर्ण होईल आणि माणूस उघड्यावरच राहील.

म्हणून घर मोजताना भिंत कशाची हे शेवटी विचारावं. आधी चार प्रश्न. जागा नावावर आहे का? घर ३० वर्षं टिकेल का? वैशाखात दुपारी त्यात बाळ झोपू शकतं का? पाणी, वीज, संडास आहे का? चारही उत्तरं ‘हो’ असतील, तर ते घर विटेचं असो वा कारखान्यातलं, आकड्यात धरा. एकही ‘नाही’ असेल, तर त्या कुटुंबाला बेघरांच्या यादीत ठेवा, मग पत्रा कितीही नवा असो.

पुढच्या ग्रामसभेत यादीचं वाचन होईल तेव्हा हे चार प्रश्न मोठ्यानं विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.