शिष्यवृत्तीचे ऋण कोणाचे?

रोटरी, लायन्स यांसारखे सेवा-क्लब गावातल्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात, आणि पुष्कळ ठिकाणी क्लबचा एखादा सदस्य त्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शकही होतो. या कामाच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. मदत घेणारा देणाऱ्याचा ऋणी होतो का? होत असेल, तर ते ऋण फेडायचे कोणाला?

पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली शिकागोत रोटरीची स्थापना केली, तेव्हा व्यावसायिकांनी एकमेकांच्या ओळखीपाळखी वाढवाव्यात एवढाच हेतू होता. सेवेचा विचार नंतर आला. १९१७ मध्ये लायन्सची स्थापना झाली, आणि १९१९ मध्ये रोटरी कोलकात्यात पोहोचली. १९४७ मध्ये हॅरिस यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ देणग्यांचा ओघ लागला आणि रोटरी फाउंडेशनने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. क्लबचे सदस्य बहुधा सुस्थितीतले असतात आणि विद्यार्थी गरजू घरचा. ऋणाचा प्रश्न उभा राहतो तो या विषमतेतून.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की भेट कधीच निव्वळ भेट नसते. ती परतफेडीचे बंधन घालते, आणि ज्याला परतफेड जमत नाही तो खालच्या पायरीवर जातो. मराठीत ज्याला मिंधेपणा म्हणतात, तो हाच.

भारतीय परंपरेने या मिंधेपणावरचा उपाय देणाऱ्याकडे मागितला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेले ते राजस. अपमान करून दिलेले ते तामस. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला केलेला उपदेश आहे. त्यात श्रद्धेने द्यावे, विनयाने द्यावे, जाणतेपणाने द्यावे असे सांगितले आहे, आणि अध्ययन-अध्यापनात कसूर करू नये असेही बजावले आहे. म्हणजे शिकलेल्या माणसावर द्रव्य देणे आणि विद्या देणे या दोन्ही जबाबदाऱ्या एकत्रच येतात.

आधुनिक भारतात हे ऋण हाताळण्याच्या निरनिराळ्या रीती दिसतात. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी उभारला. परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ रुजवले; स्वतःच्या श्रमावर शिकणाऱ्याला कोणापुढे मान तुकवावी लागत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, ती संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले, पण अस्पृश्यतेमुळे त्यांना तिथे राहायला जागा मिळेना आणि नोकरी सोडावी लागली. पैशाने विद्यापीठाचे दार उघडते. समाजाचे दार उघडायला माणसेच लागतात.

मार्गदर्शनाचे मोल इथे कळते. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात असेल, तर अडचण केवळ फीची नसते. उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, वसतिगृहाच्या अर्जाची मुदत कधी संपते, पहिल्या सत्रात विषय राहिला तर पुढे काय करायचे, हे सांगणारे घरी कोणी नसते. महिन्यातून एकदा विद्यार्थ्यासोबत बसून त्याचे ऐकून घेणारा सदस्य हीच उणीव भरून काढतो. या दानाची किंमत रुपयांत करता येत नाही, म्हणून त्याची परतफेडही पैशाने होत नाही.

मूळ प्रश्नाचे उत्तर वैदिक ऋणकल्पनेत सापडते. माणूस देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे घेऊन जन्माला येतो. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली. ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने आणि मिळालेली विद्या पुढे चालवल्याने. ऋषींच्या पदरी काही परत घालायचे नसते. या न्यायाने शिष्यवृत्तीधारकाचे देणे क्लबला नाही, तर त्याच्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्याला लागते. क्लबचा सदस्यही असाच कोणाच्या तरी आधाराने शिकलेला असतो. शिष्यवृत्ती देताना तो आपलेच जुने देणे चुकते करत असतो.

यातून देणाऱ्यावर काही पथ्ये येतात. व्यासपीठावर भलामोठा धनादेश हाती देऊन, गरिबीची कहाणी वाचून दाखवून काढलेला फोटो दानाला तामसाकडे ओढतो. पैसे फी भरण्याच्या तारखेआधी पोहोचावेत. मार्गदर्शकाने माहिती द्यावी, धीर द्यावा, चूक दिसली तर स्पष्ट सांगावे. शाखा आणि व्यवसाय निवडण्याचा हक्क मात्र विद्यार्थ्याचाच राहावा. कृतज्ञता मनात आपोआप उमटली तर ती चांगलीच. ती शिष्यवृत्तीची अट होऊ नये. ही पथ्ये पाळली, तर घेणाऱ्याची मान ताठ राहते आणि देणाऱ्याचे कर्तव्यही पुरे होते.