चोरून ऐकण्याचा हक्क कोणाला?

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका विद्यार्थिनीचे वडील मला शाळेत भेटायला आले. "सर, जरा लक्ष ठेवा. कोणाशी बोलते, काय बोलते, मला कळवत जा. पण तिला कळू देऊ नका," असे म्हणाले. काही वावगे आढळले तर शाळा बंद, हेही त्यांनी सांगून टाकले. मी होकार दिला आणि तिच्याच वर्गातल्या एका मुलीला हे काम सोपवले. महिनाभरात वडिलांना कळवण्यासारखे काहीही निघाले नाही. पण मी वर्गात शिरताच मुलींच्या गप्पा थांबू लागल्या. अडचण सांगायला कोणी येईना. मी कोणताही कायदा मोडला नव्हता. मग माझे चुकले काय?

सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत वाईट संशय, टेहळणी म्हणजे तजस्सुस आणि गीबत या तिन्हींची मनाई एकत्र आली आहे. हा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. संशयातून टेहळणी जन्मते आणि टेहळणीतून मिळालेले गीबतीच्या कामी येते. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये, असा आदेश आहे.

हजरत उमर (रजि.) यांची एक कथा सांगितली जाते. इमाम गझालींच्या 'इह्या'मध्येही ती येते. रात्रीच्या गस्तीत त्यांना एका घराबद्दल संशय आला. ते भिंत चढून आत गेले, तर एक माणूस मद्य घेऊन बसलेला. तो म्हणाला की माझा गुन्हा एक आहे, पण आपले तीन झाले. आपण टेहळणी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी व सलामाशिवाय आत शिरलात. खलिफांनी त्याला शिक्षा न करता सोडून दिले. त्यांचा संशय खरा ठरला होता, तरीही ते परत फिरले. सत्य हाती लागले म्हणून ते मिळवण्याचा मार्ग शुद्ध होत नाही, हा या कथेचा अर्थ आहे.

आपल्या देशाच्या कायद्यालाही हे उमगायला वेळ लागला. इंग्रजांच्या १८८५ च्या तार कायद्याने सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार दिला होता. १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फोनवरील संभाषण हा खाजगी आयुष्याचा भाग आहे. ते ऐकायचे तर गृहसचिवाचा आदेश हवा आणि त्याला मुदत हवी. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. आरोप गंभीर होता, पण सार्वजनिक सुरक्षिततेला त्यातून धोका नव्हता. इथेही भिंतीवरून आलेल्याला परत पाठवले गेले.

तरी एक उणीव राहतेच. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली, पण ऐकण्याचा आदेश सरकारचा आणि त्याची तपासणी करणारे सचिवही सरकारचेच. हजरत उमरना तो माणूस सवाल करू शकला, कारण ते त्याच्या समोर उभे होते. ज्याचा फोन ऐकला जातो त्याला सहसा पत्ताच लागत नाही, तर तो सवाल कोणाला करणार? बॉम्बचा कट किंवा अपहरण रोखण्यासाठी ऐकावे लागते, हे मान्य. पण अशा वेळी ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने बोलणारा एखादा न्यायाधीश तरी हवा.

घरात तर कायदा फारच थोडा पोहोचतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीने एकमेकांचे चोरून मुद्रित केलेले बोलणे घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल, असा निर्णय दिला. चार भिंतींत छळ सोसणाऱ्या बाईकडे कधी कधी दुसरा पुरावाच नसतो, हे मी नाकारत नाही. पण जे कोर्टात चालते ते संसारात चालेलच असे नाही. बायकोचा मोबाईल रात्री उघडणारा नवरा आणि मुलीच्या मैत्रिणींना फितवणारा बाप यांना कोणी परवानगी मागायला लावत नाही. तिथे फक्त आपला जमीर उभा असतो.

"लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?" असे विचारणारे बरेच भेटतात. आपण दार लावतो ते पाप लपवायला नव्हे. आत जगायला थोडी जागा लागते म्हणून लावतो.

शेवटी मी त्या वडिलांना सांगितले की मी लक्ष ठेवीन, पण उघड. काही खटकले तर आधी मुलीला विचारीन, मग तुम्हाला सांगेन. ते नाराज झाले, पण शाळा बंद केली नाही. मग मी दोन्ही मुलींची माफी मागितली, जिच्यावर पाळत ठेवली तिची आणि जिला पाळत ठेवायला लावले तिचीही. पहिली एवढेच म्हणाली, "सर, मुझ से ही पूछ लेते."

विचारायला हिंमत लागते, कारण उत्तर ऐकून घ्यावे लागते. ती हिंमत नसली की माणूस कान भिंतीला लावतो.