शंकासमाधान : देव कोणाच्या फौजेत?

शंका : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी रोज पूजा असते. पण बातम्या पाहिल्या की वाटते, धर्मच नसते तर ही युद्धे झालीच नसती. माझे चुकते का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

समाधान : निम्मे चुकते. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाकडे पाहा, कारण धर्मापायी झालेले युद्ध म्हणून सगळ्यांत आधी त्याचेच नाव निघते. १६१८ साली प्राग शहरात प्रॉटेस्टंट सरदारांनी कॅथलिक राजाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस यांना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकले. तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेलले. प्रॉटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. इथवर भांडण धर्माचेच होते.

आता १६३१ साल घ्या. स्वीडनचा लूथरपंथी राजा गुस्ताव अडॉल्फ पवित्र रोमन साम्राज्याच्या कॅथलिक सम्राटाविरुद्ध जर्मनीत उतरला होता. त्याच्या फौजेसाठी दरसाल चार लाख थालर देण्याचा करार कोणी केला? कॅथलिक फ्रान्सने. आणि फ्रान्सचा कारभार होता रिशल्यूच्या हाती, जो स्वतः रोमच्या चर्चचा कार्डिनल! याच रिशल्यूने तीन वर्षांपूर्वी आपल्याच राज्यातल्या प्रॉटेस्टंटांचे ला रोशेल हे शहर वेढा घालून, उपासमार घडवून शरण आणले होते. घरात जो पाखंडी तो परराज्यात दोस्त, कारण एका बाजूला स्पेन आणि दुसऱ्या बाजूला सम्राट, दोघेही हाब्सबुर्ग घराण्याचे, आणि फ्रान्स मधोमध. १६३५ मध्ये फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला तो कॅथलिक स्पेनविरुद्ध. १६४८ साली वेस्टफालियाचे तह झाले. पोपने त्यांचा निषेध केला, पण कॅथलिक राजांनीही तो निषेध बाजूला सारला.

मग धर्म निर्दोष सुटला का? नाही. १६२९ साली सम्राटाने फर्मान काढले की १५५२ नंतर प्रॉटेस्टंटांनी घेतलेल्या चर्चच्या जमिनी आणि मठ परत करा. जमिनीचा दावा श्रद्धेच्या भाषेत मांडला की तडजोड फार अवघड होते. शिवार निम्मे-निम्मे वाटता येते. पाखंडाशी निम्मी-निम्मी वाटणी करणारा राजा स्वतःच्याच धर्मगुरूंच्या नजरेतून उतरतो. दोन वर्षांनी माग्डेबुर्ग शहर सम्राटाच्या फौजेने लुटले आणि जाळले, तेव्हा सुमारे वीस हजार माणसे मेली. तलवार चालवणाऱ्यांत भाडोत्री शिपायांचा भरणा होता आणि त्यांचा पगार थकला होता. पण त्या कत्तलीला न्याय म्हणणारे प्रवचनकार निघालेच.

आणि देव न मानणाऱ्या राज्यांचे म्हणाल, तर १९६९ साली सोव्हिएत रशिया आणि चीन यांच्या सैनिकांत उसुरी नदीवर गोळीबार झाला. १९७९ साली चीनने व्हिएतनामवर स्वारी केली. तिन्ही राज्ये कम्युनिस्ट.

शंका : आमचे घर वारकरी. माझ्या गळ्यात माळ आहे, मुलाच्याही आहे. तो आता फौजेत आहे. त्याच्या हातून माणूस मेला तर पाप कोणाला? माळ काढायला सांगू का? (एक आई, सातारा जिल्हा)

समाधान : माउली, माळ काढायला सांगू नका. तुकोबांच्या गाथ्यात पाईकाचे अभंग आहेत. त्यातला पाईक देवाच्या चाकरीचा आहे हे खरे, पण धन्यासाठी जीव पणाला लावणाऱ्या शिपायाची रीत तुकोबांनी जवळून पाहिल्याशिवाय तो उभा राहिला नसता.

पापाचे उत्तर मात्र इतके सोपे नाही, आणि कोणी गीतेचा एखादा श्लोक म्हणून ते मिटवू लागला तर त्याचे ऐकू नका. गीता ज्या भीष्मपर्वात आहे, त्याच पर्वात युद्धाआधी दोन्ही बाजूंनी नियम ठरवले होते : पळणाऱ्याला मारायचे नाही, निःशस्त्राला मारायचे नाही, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर वार करायचा नाही. पुढे द्रोण, कर्ण, दुर्योधन यांच्या बाबतीत काय झाले ते तुम्ही कीर्तनात ऐकले आहे. अश्वत्थाम्याने तर झोपलेल्यांना मारले. व्यासांनी यातले काहीच झाकले नाही. जिंकलेला युधिष्ठिर शांतिपर्वाच्या आरंभी राज्य नको, वनात जातो म्हणतो, तेही तसेच ठेवले. लढणे कर्तव्य असू शकते, पण त्याने हात स्वच्छ राहतात असे महाभारताची कथा दाखवत नाही.

तुमच्या मुलाच्या हातात आहे ते एवढे : शरण आलेल्यावर, जखमीवर, बायकामुलांवर हात उचलायचा नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांतही हेच आहे, आणि भारताने ते १९५० साली मंजूर केले. त्याच्या पलटणीत धर्मगुरू असतील. फौजेत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू नेमलेले असतात. मन जड झाले तर त्यांच्याशी बोल, एवढे त्याला सांगा. लढाईचा निर्णय त्याने घेतलेला नाही. तो ज्यांनी घेतला, आणि घरी बसून आपण ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्याकडे पापाचा मोठा हिस्सा येतो असे माझे मत आहे. तो सुट्टीवर आला की शेजारीपाजारी ‘किती मारले?’ म्हणून विचारतील. त्यांना दारातच थांबवा.

शंका : पानिपत हे हिंदू-मुसलमानांचे युद्ध होते, असे मोबाइलवर रोज येते. खरे काय? (एक निवृत्त शिक्षक, पनवेल)

समाधान : नजीबखान रोहिल्याने धर्माची हाक दिली होती, ते खरे. पण १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता. तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. पलीकडे अब्दालीच्या बाजूला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या फौजेत अनुपगिरी गोसाव्याचे नागा साधू होते. शुजा स्वतः शिया, अब्दाली सुन्नी. सूरजमल जाट आधीच निघून गेला होता, रजपूत आलेच नाहीत. लढाईची जी हकिगत इतिहासकार नेहमी वापरतात, ती लिहिणारा काशीराज पंडित शुजाच्या चाकरीत होता. एवढे उलट उत्तर पाठवून द्या. वाद घालत बसू नका.

शंका : सीमेवर तणाव वाढला की आमच्या सोसायटीत विजयासाठी हवन होते. ‘शत्रूचा निःपात होवो’ असा संकल्प असतो. मला ते रुचत नाही, पण न गेल्यास लोक बोलतात. (एक वाचक, ठाणे)

समाधान : जा. पण गुरुजींना आदल्या दिवशी भेटा आणि ‘जवान सुखरूप परतोत, लढाई लवकर थांबो’ असा संकल्प सुचवा. शब्द बदलणे अवघड नाही. अवघड आहे ती सवय. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बकलावर ‘देव आमच्याबरोबर’ असे कोरलेले असे, आणि समोरच्या खंदकातला इंग्रज त्याच देवाची प्रार्थना करत असे. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १ ऑगस्ट १९१७ रोजी लढणाऱ्या राष्ट्रांना शांततेचा मसुदा पाठवला. तो दोन्ही बाजूंना नको होता. देव आपल्याकडे आहे अशी ज्यांची खात्री असते, त्यांना मध्यस्थ कशाला हवा?

त्याच युद्धात नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून जिहादचा फतवा निघाला. पण तुर्कस्तानचे दोस्त होते ख्रिस्ती जर्मनी आणि ऑस्ट्रिया, आणि १९१६ साली मक्केचा शरीफच तुर्कांविरुद्ध उठला. मेसोपोटेमियात इंग्रजांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, तसे पंजाबी मुसलमान शिपाईही होते. कूतच्या वेढ्यात ते एकत्र उपाशी राहिले आणि एप्रिल १९१६ मध्ये एकत्र तुर्कांच्या कैदेत गेले. हे सांगण्याचे कारण : हवनाची वर्गणी गोळा होते, तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या मुसलमान कुटुंबाकडे लोक कसे पाहतात, हे तुम्ही विचारलेले नाही. मला ती शंका संकल्पाच्या शब्दांपेक्षा मोठी वाटते. त्यांच्या दारात वर्गणीसाठी उभे राहून परीक्षा घेतली जात असेल, तर तिथे बोला.

शंका : मी कीर्तन करतो. लढाईच्या दिवसांत लोकांना नुसता वीररस हवा असतो. शांततेचा शब्द काढला तर देशद्रोही म्हणतात. (एक कीर्तनकार, मराठवाडा)

समाधान : व्यासपीठावरच्या माणसाची कसोटी लागते ती आपल्याच बाजूला ‘हे चूक’ असे म्हणता येते का, यावर. परक्याच्या पापावर बोलायला धैर्य लागत नाही. रशिया आणि युक्रेन या दोघांनाही ९८८ साली कीव्हमध्ये मिळालेला बाप्तिस्मा आपला वाटतो. पण युक्रेनवर रशियाची स्वारी चालू असताना, सप्टेंबर २०२२ मध्ये, मॉस्कोच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरिल यांनी प्रवचनात सांगितले की कर्तव्य बजावताना मरणाऱ्या सैनिकाची सगळी पापे धुतली जातात. त्याआधी मे महिन्यातच, युक्रेनमधले जे चर्च मॉस्कोशी जोडलेले होते त्याने आपण स्वतंत्र असल्याचे जाहीर केले होते.

उलट फ्रान्झ येगरश्टेटर पाहा. ऑस्ट्रियातल्या सांक्त राडेगुंड गावचा शेतकरी, बायको आणि मुली असलेला. हिटलरसाठी लढणे ख्रिस्ताला धरून नाही म्हणून त्याने नकार दिला. त्याच्या बिशपने समजावले की असा निवाडा करणे तुझे काम नव्हे. ऑगस्ट १९४३ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. २००७ साली त्याच चर्चने त्याला धन्य घोषित केले.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पवनारला युद्धाविरुद्ध बोलले आणि चारच दिवसांत पकडले गेले. सुटल्यावर पुन्हा बोलले, पुन्हा आत गेले. हिटलरविरुद्धच्या लढाईत मदत करू नका, हे त्यांचे म्हणणे मला आजही पटत नाही. पण तसे बोलण्याचा त्यांचा हक्क खरा होता, आणि गांधींनी झगडा त्या हक्कासाठीच मांडला होता.

तुमच्यापुरते सांगायचे तर उपदेश टाळा, आख्यान लावा. पूर्वरंगात लोकांना हवे ते द्या आणि उत्तररंगात स्त्रीपर्व घ्या : गांधारी रणांगणावर एकेक प्रेत ओळखते, कौरवांचे तसे अभिमन्यूचेही. पराक्रमाची वर्णने त्यात भरपूर आहेत, ती गाळू नका. बिदागी थोडी कमी येईल, ते गृहीत धरा.