पालक म्हणजे सांभाळणारा

फेब्रुवारीत चिमूर तालुक्यातल्या एका शाळेच्या पालकसभेला मी हजर होतो. सभा सुरू झाल्यावर एक आजी दारात येऊन उभी राहिली. हातात नातीचं प्रगतिपत्रक, चार घड्या घातलेलं.

"आजी, तुम्ही नाही. पालकांना पाठवा," गुरुजी म्हणाले.

"माय-बाप मिरचीले गेले, गुरुजी. होळीले येतीन."

"मग ते आल्यावर बघू."

आजी मागच्या मागे वळली. गुरुजी माणूस चांगले. त्यांना वरून सूचनाच तशी होती, आईवडिलांपैकी कुणीतरी हवं. इकडची कितीतरी कुटुंबं हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि पोरं आजीपाशी, मामाकडे, मोठ्या मायकडे राहतात. त्या महिन्यांत या पोरांना पालकच नसतो, असं शाळेनं धरून चालावं, हे मला मान्य नाही.

जन्म देतो तो जनक आणि पाळतो तो पालक, हा फरक भाषेनं कधीच करून ठेवला आहे. विदर्भात थोरल्या चुलतीला मोठी माय म्हणतात, ते काही उगाच नाही. जोतिरावांना नात्यातल्या सगुणाबाईंनी वाढवलं, भीमरावांना आत्या मीराबाईंनी. जयंतीच्या भाषणात ही नावं मुलं पाठ म्हणून दाखवतात. चिमूरला दर १६ ऑगस्टला १९४२ चे हुतात्मे आठवतात. तुरुंगात गेलेल्यांची लेकरं कुणाच्या चुलीवर जेवली, तेही त्या दिवशी सांगायला हवं.

मग कायदा आला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानं पालकाची व्याख्या अगदी साधी केली: अज्ञान मुलाचा किंवा त्याच्या मालमत्तेचा सांभाळ करणारी व्यक्ती. त्यात रक्ताची अट नाही, कोर्टाच्या कागदाचीही नाही. पुढे नैसर्गिक पालक आधी बाप की आई, यावर पुष्कळ वाद झाला आणि १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आईला तिची जागा दिली. तो इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे.

लोक अडखळतात ते १९५६ पाशी. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ११ नं 'प्रत्यक्ष पालका'चे हात बांधले. प्रत्यक्ष पालक म्हणजे कोर्टानं न नेमलेला, पण खरोखर सांभाळणारा आजा, मामा, चुलता. त्यानंतर 'कोर्टाचा कागद नसेल तर मामा कुणी नाही' हा समज कचेऱ्यांत इतका रुजला की शिकलेले वकीलही तसंच बोलतात. पण ते कलम फक्त मालमत्तेबद्दल आहे. १८५६ च्या हनुमानप्रसाद पांडे खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं म्हटलं होतं की, गरज खरी असेल तर अज्ञान वारसाचा कारभार पाहणारा माणूस त्याची जमीन गहाण टाकू शकतो. त्या आडोशानं किती पोरक्या पोरांची शेतं चुलत्यांच्या घशात गेली असतील! शंभर वर्षांनी संसदेनं ते दार लावलं आणि ते योग्यच केलं. मात्र दार लावलं ते शेताचं. मुलाला जेवू घालणं, तापात उशाशी बसणं, शाळेत नाव घालणं, यांतलं काहीही त्या कलमानं काढून घेतलेलं नाही.

आमच्या भागात हा फरक रोजच्या जगण्यातला आहे. चिमूर, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे मोहफुलं वेचायला गेलेली आई वाघाच्या हल्ल्यात जाते. तिच्या लेकरांच्या नावानं भरपाई येते, तेव्हा बँकेनं, तहसीलनं दहा कागद मागावेत. तिथे १९५६ ची भीती खरी आहे. पण तेच दहा कागद दाखला, सहल आणि प्रगतिपत्रकासाठी मागितले, तर मुलाच्या जमिनीला घातलेलं कुंपण मुलाच्याच गळ्याशी येतं.

शाळेचा स्वतःचा कायदा तर आजीच्याच बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाची काळजी आणि ताबा असलेली व्यक्ती पालक ठरते. नैसर्गिक आणि कोर्टानं नेमलेला पालक या व्याख्येत नंतर जोडलेले आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा आईवडील किंवा अशा पालकांच्या. म्हणजे दारातून परत गेलेली आजी त्या समितीत बसू शकते. आईविना मामाच्या गावी आलेल्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून त्याचा प्रवेश अडवता येत नाही. २०१५ चा बाल न्याय कायदाही मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ कोण करतं, ते बघतो.

आधार गमावलेल्या मुलांच्या सांभाळासाठी असलेल्या सरकारी बालसंगोपन योजनेला आता सावित्रीबाईंचं नाव आहे आणि २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्जाला शाळेचं बोनाफाईड लागतं, मंजुरी जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीची. चिमूरहून चंद्रपूरला जाऊन यायचं तर मजुरीचा दिवस बुडतो. शिक्षकानं बोनाफाईड त्याच दिवशी हातात दिलं आणि फॉर्म भरायला पाच मिनिटं बसला, तर म्हातारीची एक खेप वाचते. आणि जूनमध्ये 'आईवडील काय करतात?' असं भर वर्गात विचारण्याऐवजी 'घरी तुला कोण बघतं?' असं एकेकाला जवळ घेऊन विचारावं. जे नाव येईल, ते फोन नंबरासकट हजेरीत लिहावं.

त्या दिवशी मी आजीला फाटकापाशी गाठलं. सही करायला आलीच नव्हती ती. म्हणाली, "पोरीले फय्यावरचं दिसत नाही, बाबू. रातच्याले पुस्तक नाकाशी धरते. समोर बसवा म्हणाले आलती."