शेजारचे पाहुणे

अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी या शब्दाची फोड आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वैयाकरण तिला काय म्हणतील ते म्हणोत, तिच्यामागची रीत मात्र खरी होती. अवेळी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला पाटावर बसवायचे आणि वेळ पडल्यास घरच्यांनी ताकभातावर भागवायचे. त्या आतिथ्याचे पुण्य यजमानाचे आणि त्याची झळही यजमानालाच. आज आमच्या कोकणात येणारा पाहुणा तिथी ठरवून, निम्मे पैसे आगाऊ पाठवून येतो. यात वाईट काहीच नाही. पण या व्यवहारात एक गोष्ट नकळत बदलते. पैसा यजमानाच्या घरी राहतो आणि झळ तेवढी कुंपण ओलांडते. शेजारी हा न विचारता नेमलेला अर्धा यजमान होऊन बसतो.

हा प्रश्न सध्या माझ्यापुढे एका कागदाच्या रूपाने आहे. मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका लहानशा गावात राहतो. जवळच्या दिवेआगरला १९९७ साली पोफळीच्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला आणि या किनाऱ्याकडे माणसांचा ओघ वाढला. २०१२ साली ती मूर्ती दरोड्यात गेली, पण तोवर पुण्यामुंबईच्या लोकांना इथल्या समुद्राची वाट कळली होती. गावोगाव पडव्या झाकून खोल्या झाल्या. माझ्या शेजाऱ्यानेही दोन केल्या. आता त्याला दहा करायच्या आहेत, शिवाय पोहण्याचा एक तलाव. पुढे कटकट नको म्हणून माझी हरकत नसल्याचे चार ओळींचे पत्र त्याला हवे आहे.

तो लोभी आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे. पण ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ याच किनाऱ्यावर चढले आणि दुपारपर्यंत त्याची वाडी आडवी झाली. पडलेल्या पोफळींवरून चालत तो कुंपणाशी आला होता, तेव्हा आम्ही दोघेही काही बोललो नव्हतो. परवा मात्र तो स्पष्ट बोलला. “मास्तर, पोफळ आज लावली तर फळायला सहा-सात वर्षं. पोराची कॉलेजची फी तेवढी थांबते होय?” यावर मी काय बोलणार? मला महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते. शांतता मला परवडते.

शिवाय ही शांतता आहे तरी कुणाची? १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणे घराला मिळणारा उजेड आणि वारा वीस वर्षे निर्वेध उपभोगला की त्यावर हक्क सांगता येतो. शांततेबद्दल कायद्याला इतकी आपुलकी नाही. २००० सालच्या नियमांनी राहत्या वस्तीत रात्री आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये असे ठरवले आणि दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली, हे बरेच झाले. पण रात्री साडेअकराला खळ्यात पत्ते खेळणाऱ्या सहा जणांच्या हसण्याला मोजपट्टी कोण लावणार? आणि मनुष्याच्या हसण्याविरुद्ध अर्ज करायला माझी लेखणी तरी कशी उचलावी!

खरे सांगायचे तर कोकणातली शांतता हे निसर्गाचे देणे आहे ही शहरातून आलेल्यांची समजूत. तिच्यात समुद्राइतकाच कुलपांचा वाटा आहे. इथली तरणी माणसे दोन-तीन पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि पेढ्यांवर गेली, मागे म्हातारी राहिली, मग तीही गेली. आमच्या आळीत गणपतीपुरती उघडणारी किती दारे आहेत ती मी बोटांवर मोजून दाखवीन. जो मुलगा खोल्या बांधतो तो निदान इथे राहू म्हणतो आहे. त्याने जाऊन माझी शांतता आणखी वाढवावी असे मी म्हणू शकत नाही.

पण म्हणून सहीही चटकन होत नाही. कारण विहीर. आमची जमीन पुळणीची. पाणी हाताशी आहे आणि म्हणूनच ते नाजूक आहे. वरून संडासाचे पाणी मुरले तर थेट त्यात उतरते, पंपाने अती उपसले तर समुद्राकडून खारे पाणी आत सरकते. त्याच्या-माझ्या विहिरी दोन, झरा मात्र एकच. दहा खोल्यांतले वीस-पंचवीस लोक दिवसातून दोनदा अंघोळ करणार (समुद्रात डुंबून आल्यावर गोडे पाणी अंगावर घ्यावेच लागते) आणि वर तो तलाव. पोराची फी ही त्याची अडचण खरी, पण ती माझ्या पाण्यातून भागवण्याचा अधिकार तिच्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट पाण्यासारखी दाखवता येत नाही, पण मला ती अधिक महत्त्वाची वाटते. आज त्याच्या दोन खोल्यांत कोण उतरले आहे हे त्याला ठाऊक असते. त्याची आई मोदक वळते, सून वाढते, आणि गोंगाट झालाच तर मी कुंपणाशी जाऊन “अरे, जरा हळू” म्हणतो. तो आत जाऊन सांगतो. माझा शब्द पोचतो. दहा खोल्यांना व्यवस्थापक लागेल. तो परगावचा, पगारी. आणि हा स्वतः पुढेमागे अलिबागला बिऱ्हाड करील. मग मी कुंपणाशी जाऊन कुणाला हाक मारायची? दोनाच्या तीन, तीनाच्या पाच खोल्या होताना नेमकी कोणती खोली जास्तीची हे सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या खोलीनंतर यजमान घरात राहत नाही, ती जास्तीची. तिथपासून पाहुणे त्याचेही राहत नाहीत, ते कोणाचेच नसतात.

हे सारे मी त्याला सांगितले. तलाव त्याने सोडला. शोषखड्डा वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला, माझ्या विहिरीपासून दूर नेण्याचे कबूल केले. खोल्या सहा म्हणतो, मी पाच म्हणतो. पाहुणे असतील त्या रात्री त्याने स्वतः ओटीवर झोपायचे, या अटीवर मात्र तो हसला आणि “आईला विचारून सांगतो” म्हणाला. कागद अजून माझ्या टेबलावर आहे.