डोक्यातलं केमिकल

"त्याच्या डोक्यातलं केमिकल कमी झालंय." गंगापुरात एका ओसरीवर मी हे वाक्य ऐकलं. बोलणाऱ्या माउलीच्या आवाजात लाज नव्हती, याचंच मला अप्रूप वाटलं. माझ्या लहानपणी अशा आजाराला 'बाहेरचं' म्हणत. मग लिंबू, अंगारा, देवरुषी. आणि ज्या घरात हे घडलं त्या घरच्या मुलींची सोयरीक जुळायला त्रास, तो वेगळाच. 'बाहेरचं' जाऊन 'केमिकल' आलं हे बरंच झालं. पण हा शब्द ओसरीपर्यंत आला कुठून?

आतलं-बाहेरचं हा वाद तसा जुना. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार आहेत. चार शरीरातल्या दोषांचे, पाचवा आगंतू, म्हणजे बाहेरून आलेला. केमिकलची वाट मात्र परळवरून जाते.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे झोपेसाठी आणि वेडासाठी पूर्वापार देत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी तिच्याबद्दल लिहिताना वेड आणि रक्तदाब दोन्ही एकाच दमात सांगितले. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाचं टोक धरलं आणि ५० रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. मुळी जगभर गेली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. न्यूयॉर्ककडच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

पुढे गंमत झाली. गंमत म्हणवत नाही खरं तर. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही जण उदास, खिन्न होऊ लागल्याचं डॉक्टर सांगू लागले. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, अमेरिकेत ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेला दिसलं की रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन जवळजवळ संपतं. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिनसारखे आपले निरोप्ये रेणू इवल्या पिशव्यांत भरून ठेवतात, कणगीत धान्य भरावं तसे. रेसर्पिन कणगी भरणाऱ्यांचेच हात बांधतं. बाहेर उघड्यावर राहिलेलं धान्य मग वाया जातं. उलट, क्षयरोगासाठी दिलेलं इप्रोनियाझिड या रेणूंची नासाडी रोखायचं, आणि ते घेणाऱ्यांची मनं उभारी धरायची. दोन्ही टोकं जुळली. कणगी रिकामी म्हणजे उदासी. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी अशाच रेणूंवर सिद्धान्त मांडला, पण गृहीतक म्हणून. ओसरीपर्यंत येताना ते 'गृहीतक' वाटेत कुठे गळालं, कुणी विचारलं नाही.

खरी गफलत इथेच आहे. क्रोसिनने ताप उतरतो म्हणून ताप हा अंगात क्रोसिन कमी पडल्यामुळे येत नाही. आणि रेसर्पिनचं तरी काय? १९५५ मध्येच लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी ते चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना दिलं, तर त्यांना बरं वाटलं! हा पुरावा बाजूला पडला. जुळलेल्या सोयरिकीत खोट काढायला कुणाला आवडतं?

भास आणि संशयाच्या आजाराची, म्हणजे स्किझोफ्रेनियाची, गोष्ट थोडी पक्की निघाली. १९७० च्या दशकात दिसलं की या आजारावरची औषधं डोपामिन या निरोप्या रेणूच्या एका विशिष्ट ग्राहीला जितकी घट्ट चिकटतात, तितका त्यांचा डोस कमी पुरतो. तिथेही पेच राहिलाच. औषध काही तासांत चिकटतं, पण माणूस सावरायला दिवस, आठवडे जातात. उदासीच्या गोळ्यांचंही तेच. म्हणजे धान्य भरून भागत नाही. पेशींच्या आत, त्यांच्या जोडण्यांत काहीतरी हळूहळू बदलावं लागतं.

मग शोध जनुकांकडे वळला. २०२२ मध्ये स्किझोफ्रेनियाशी नातं असलेल्या जागा मोजल्या, तर २८७ निघाल्या. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. त्याआधी २०१६ मध्ये सी-४ नावाच्या प्रथिनाकडे बोट गेलं होतं. तारुण्यात मेंदू आपल्या जोडण्यांची छाटणी करतो, ती जास्त होत असावी, हा त्यातला कयास. आणि एकसारखी जुळी भावंडं घेतली, तर एक आजारी पडला म्हणून दुसरा पडेलच असं नाही. निम्म्याहून अधिक वेळा पडत नाही. आमच्याकडच्या मोसंबीवाल्याला हे लवकर समजेल. बहार यावा म्हणून तो झाडाला पाणी तोडून ताण देतो. एक झाड फुलतं, शेजारचं वाळतं. कलमं एकाच रोपवाटिकेतली.

म्हणून केमिकल हा शब्द मला अर्धाच पटतो. त्याने देवरुषाला घराबाहेर काढलं, हे त्याचं पुण्य. पण कर्ज, दुष्काळ, न जुळणारं लग्न यांनाही तो सहज दाराबाहेर उभं करतो.

त्या माउलीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. तिने विचारलं होतं, "केमिकल भरून आलं की गोळ्या बंद करायच्या ना, दादा?" मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, मावशी." मुलगा तेवढ्यात बाहेर आला, आम्हाला बघून जरासा हसला आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेला.